नऊच्या तारांचा हिवाळा

थंडीच्या दिवसांत भांडगावच्या फाट्यावर बसमधून उतरलं की माहेर आधी नाकाला कळतं. हायवेवर ट्रकांचा धूर असतो, धाब्यावरची फोडणी असते, पण त्या सगळ्याच्या वर उकळत्या रसाचा एक दाट, गोड, किंचित करपट वास तरंगत असतो. गुऱ्हाळं सुरू झालेली असतात. चुलवाणात चिपाडं धडधडत असतात, काहिलीतला रस फसफसून वर येत असतो आणि कुणीतरी लांब दांड्याच्या झाऱ्याने वरची मळी काढत असतं. परवा मी आणि माझी मुलगी मैत्री अशाच उतरलो. तिने नाक वर करून विचारलं, कोण लाडू करतंय? मी हसले, आणि हसता हसता माझा उजवा हात आपसूक डाव्या मनगटावर गेला. अंगठ्याच्या मुळाशी जिथे हाडाचा लहानसा उंचवटा आहे, तिथे मी दाबून पाहिलं. काही नाही. दुखत नाही.

मैत्री आता बालवाडीत जाते. म्हणजे त्या दुखण्याला बराच काळ लोटला. तरी गुळाचा वास आला की हात स्वतःला तपासून बघतोच. शरीराची आठवण आपल्या आठवणीपेक्षा हट्टी असते, असं मला त्या क्षणी वाटतं. आणि लगेच दुसरं काहीतरी वाटतं, ते सुटकेसारखं असतं. उन्हात चालून आल्यावर चप्पल काढून गार फरशीवर पाय टेकवावा, तसं.

तो हिवाळा मी भांडगावला काढला. मैत्री दिवाळीनंतर झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी. आण्णा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावी दोन खोल्यांचं घर बांधलं, मागे पत्र्याची पडवी, पडवीपलीकडे चुलत्यांचा ऊस आणि उसाच्या पलीकडे गुऱ्हाळ. खोलीत सकाळ-संध्याकाळ ओव्याची आणि बाळंतशोपेची धुरी. कानाला रुमाल, पायात मोजे, तोंडात डिंकाचा लाडू. बाळाच्या टाळूला तेल चोळल्याचा वास, दुपट्यांचा वास, आणि खिडकी जरा किलकिली केली की गुळाचा. दिवस कधी उजाडला आणि कधी कलला ते मला उसावरच्या उन्हावरून कळायचं.

कपाटाशेजारी काळ्या कव्हरात माझी इलेक्ट्रिक गिटार उभी होती. नितीन, माझा नवरा, ती कारेगावहून बसने घेऊन आला होता. तो तिथल्या औद्योगिक भागात एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मी काही सांगितलं नव्हतं, त्यालाच वाटलं की हिला करमणार नाही. आईने मात्र ती बघून कपाळाला हात लावला. बाळंतिणीच्या खोलीत लोखंड कशाला, तारा गार पडतात, गारठा बोटांतून अंगात जातो, असं तिचं म्हणणं. तिने गिटारवर एक जुनी चादर टाकली. चादरीखालून मान तेवढी बाहेर आलेली ती गिटार कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या पाहुण्या बाईसारखी दिसायची.

गिटार मी शिकले शिरूरला. बारावीनंतर कॉलेजसाठी मामांकडे राहत होते, तेव्हा. सरांचं नाव दिगंबर, पण सगळं गाव त्यांना डिगू सर म्हणायचं. दिवसा ते वर्कशॉपमध्ये फिटर होते आणि संध्याकाळी नदीकडच्या गल्लीत एका पत्र्याच्या खोलीत आम्हाला शिकवायचे. त्यांचा गाण्याचा ग्रुप होता. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, गावोगावच्या जत्रा, सगळीकडे तो जायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात अकराच्या तारा चढवलेली गिटार दिली.

सगळ्यात बारीक तारेची जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात, त्यावरून तारांच्या सेटचं नाव पडतं. आठचा, नऊचा, दहाचा, अकराचा. आकडा जितका मोठा तितकी तार जाड, दाबायला अवघड, आणि आवाज भरदार. बाहेर बहुतेक मुलं नऊवर किंवा दहावर वाजवतात. सरांकडे अकरापेक्षा खालची बात नव्हती. बारीक तारेचा आवाज डासासारखा लागतो, असं ते म्हणायचे, आणि मग डासाची नक्कल करून दाखवायचे. सुरुवातीला माझ्या बोटांची सालं निघाली. मी घरी गेल्यावर पाण्यात बोटं बुडवून बसायचे. पण मग कातडी जाड झाली, मनगट कणखर झालं, आणि त्या जाड तारेला बोटाने वर ढकलून सूर चढवायचा, ज्याला आम्ही बेंड म्हणतो, तो मला जमायला लागला. जमला तेव्हा असं वाटलं की जड दार खांद्याने ढकलून उघडलं आणि आत एकदम प्रकाश आहे.

कार्यक्रमात मी उभी राहिले की पहिल्या रांगेतली माणसं आधी ओढणीकडे बघायची आणि मग हाताकडे. पोरीचा हात भारी हाय, असं कुणीतरी म्हणायचंच. ते वाक्य मी मनात साठवून ठेवलं होतं. लग्नानंतर कारेगावला आले तरी दर रविवारी शिरूरला तालमीला जायचे, ते काही अंशी त्या वाक्यासाठीच.

आणि भांडगावच्या त्या खोलीत हाच हात गेला.

सुरुवात बाळाला उचलण्यातून झाली. मैत्रीचं डोकं डाव्या हातावर घ्यायचं, अंगठा ताणून तिच्या मानेमागे लावायचा, हे दिवसातून किती वेळा होतं ते आयांनाच ठाऊक. एकदा तिला उचलताना मनगटाच्या कडेतून वीज गेल्यासारखी कळ आली. वाटलं, अवघडलं असेल. पण ती कळ तिथेच मुक्काम करून राहिली. पुढे पुढे दुपट्याची गाठ मारता येईना. बाटलीचं झाकण उघडेना. एका दुपारी मैत्रीला न्हाऊ घालून आईने माझ्याकडे दिलं आणि माझा अंगठा दगा देऊन गेला. बाळ माझ्या हातातून घसरून मांडीवर आलं. मांडीवरच आलं, काही झालं नाही. तिला कळलंही नाही, ती जांभई देत होती. मी मात्र तिला दोन्ही हातांनी धरून तशीच बसून राहिले.

भेटायला येणाऱ्या बायकांनी निदान करून टाकलं. बाळंतवात. एक लांबची आत्या म्हणाली की तिच्या जावेचा हात असाच गेला तो गेलाच, आता ती डाव्या हाताने साधं पोळीचं पीठही मळत नाही. ती काळजीनेच बोलली. पण मी त्या दिवशी चादरीखालच्या गिटारकडे पाहिलं आणि पहिल्यांदा माझ्या मनात आलं, की हिला आता विकून टाकावं लागेल. कुणालाही न सांगता मी ते ठरवूनही टाकलं. आई विचारायची, हात कसा आहे, मी म्हणायचे, बरा आहे. एका दुपारी घरात कुणी नसताना मी चादर काढून पाहिली. गिटार मांडीवर घेतली, सवयीचा एक सूर दाबला. अकराच्या तारेने अंगठ्याकडून असं काही ओढून घेतलं की डोळ्यांत पाणी आलं. सूर उमटलाच नाही, नुसती थड झाली. मी चादर पुन्हा टाकली.

आण्णांना ते कसं कळलं ते मला माहीत नाही. ते फार बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओळखीची रिक्षा दारात उभी केली आणि आईला म्हणाले, हिला दौंडला हाडांच्या डॉक्टरकडं दाखवून आणतो, लेकरू पण घ्या संगं.

डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मला अंगठा मुठीत घालायला सांगितला आणि मूठ हळूच खाली वळवली. मी किंचाळायचीच राहिले. त्या हसल्या, आणि त्या हसल्या म्हणून मला एकदम धीर आला, कारण जन्माचं दुखणं सांगताना कुणी असं हसत नाही. त्यांनी सांगितलं की अंगठा हलवणारे स्नायूंचे दोर ज्या नळीतून जातात तिला सूज आली आहे. बाळंतपणानंतर खूप जणींना होतं, लेकराला उचलून उचलून. पट्टा बांधायचा, अंगठ्याला आराम द्यायचा, बाळाला अंगठे ताणून न धरता तळव्यांनी खालून उचलायचं. बहुतेकांचं जातं.

मी विचारलं, मी गिटार वाजवते, वाजवू शकेन का? त्यांनी पेन खाली ठेवलं.

“वाजवाल की. पण कळ सोसून वाजवायचं नाही. जे वाजवताना कळ येते ते बदला.”

परतीच्या वाटेवर रिक्षात आण्णा पुढे बसले होते. त्यांनी मान न वळवता विचारलं, काय काय बदलता येतं त्यात? मी म्हणाले, तारा.

ते बोलले गेले आणि मलाच ते ऐकून आश्चर्य वाटलं. इतकी साधी गोष्ट होती. आणि इतकी अवघड, कारण माझा अख्खा आवाज त्या अकराच्या तारांचा आहे असं मी धरून चालले होते. त्या काढल्या तर मागे काय उरणार, याची मला भीती होती. लोकांनी वाखाणलेला हात माझा होता की तारेचा, हे मला ठाऊक नव्हतं.

नितीन सुट्टीला आला तेव्हा त्याने जुन्या तारा काढल्या आणि त्यांचे तुकडे खिशात घालून घेऊन गेला. दोन-तीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. त्याने कारखान्यातल्या मायक्रोमीटरवर अकराची तार मोजली होती, नवी आणलेली नऊची मोजली होती, आणि मग डोक्याचा एक केस उपटून तोही मोजला होता.

“दोन्ही तारांत एका केसाएवढा फरक हाय,” तो म्हणाला. “केसापायी रडू नको.”

त्या केसाएवढ्या फरकाने ओढ मात्र खूप कमी होते, हे त्यालाही माहीत होतं. आधी त्याच्या आग्रहाने आम्ही थेट आठचा सेट चढवला. हाताला सुख द्यायचं तर पूर्ण देऊ, असा त्याचा विचार. तो फसला. तारा इतक्या ढिल्या लागल्या की हलकेच छेडलं तरी त्या हेलकावे खात आणि दांडीवरच्या फ्रेटना, म्हणजे आडव्या धातूच्या पट्ट्यांना, आपटून झणझणत. गिटारची दांडी इतकी वर्षं जाड तारांच्या ओढीला तोलून उभी होती. ओढ गेली तशी ती मागे झुकली. दांडीच्या आत एक सळई असते, नितीनने ती किल्लीने जरा जरा सैल केली. झणझण थांबली, पण छोट्या ॲम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या डब्याला, जोडल्यावर आवाज खरोखरच डासासारखा आला. मैत्री झोपेत दचकली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ही तुझी गिटार आजारी पडल्यागत वाजतीय. ते अगदी खरं होतं.

मग नऊ. पण सरसकट नऊ नाही. तीन बारीक तारा नऊच्या सेटच्या आणि तीन जाड तारा दहाच्या सेटच्या, असा मिश्र सेट मिळतो. बोटांना त्रास होतो तो बारीक तारा ओढून सूर चढवताना. जाड तारांवर तर नुसता ठेका धरायचा असतो, तिथे भरदारपणा लागतोच. जिथे दुखतं तिथे हलकं आणि जिथे आधार हवा तिथे भक्कम. बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत मी हे ठरवलं, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी स्वतःसाठी काहीतरी ठरवलंय असं वाटलं.

पट्टा सुटेपर्यंत थंडी ओसरत आली होती. पडवीत ऊन यायचं त्या वेळी मैत्रीला झोळीत घालून मी ॲम्पला न जोडताच वाजवायला बसायचे. न जोडलेल्या इलेक्ट्रिक गिटारचा आवाज कुजबुजीएवढा असतो. पलीकडे गुऱ्हाळावर इंजिनाची धडधड, आणि अलीकडे ही कुजबुज. पहिल्यांदा सूर दाबला तेव्हा मी कळेची वाट बघत थांबले. दात आवळून, खांदे वर करून. ती आली नाही. मी दुसरा सूर दाबला. ती त्यालाही आली नाही. मग मी खांदे खाली सोडले, आणि मला कळलं की मी ते दोन महिने वरच धरून ठेवले होते.

एक अडचण मात्र होती. सूर खोटे लागत होते. गिटार सुरात लावलेली, तरी मी वाजवलं की प्रत्येक सूर केसभर वर. चार दिवस मी तारांना दोष दिला. पाचव्या दिवशी दमून, अर्धवट झोपेत, मैत्रीला थोपटता थोपटता मधेच डाव्या हाताची बोटं नुसती ठेवल्यासारखी ठेवून तार छेडली, आणि सूर अचूक लागला. बारीक तारेला जोर सोसत नाही. जास्त दाबलं की ती ताणली जाते आणि सूर चढतो. माझा जो हात भारी होता, तो या तारांना नकोच होता.

त्याच सुमारास डिगू सर आणि त्यांच्या बायको, आमच्या काकू, बाळाला बघायला आले. काकूंनी झबलं-टोपरं आणलं होतं, सरांनी रिकाम्या हाती संकोचून येताना वाटेवरच्या गुऱ्हाळातून गरम गुळाची ढेप उचलली होती. मैत्रीला मांडीवर घेऊन झालं, चहा झाला, आणि मग त्यांचं लक्ष गिटारकडे गेलं. चादर आता तिच्यावर नव्हती. त्यांनी तारेवर नुसतं बोट फिरवलं आणि त्यांना कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पट्ट्याचं, डॉक्टरांचं, सगळं भराभर सांगितलं, जणू वर्गात उशिरा आले होते.

सर गिटार मांडीवर घेऊन वाजवू लागले. सूर वर लागला. त्यांनी कपाळाला आठी घालून खुंटी पिळली, पुन्हा वाजवलं. पुन्हा वर. वर्कशॉपमध्ये आयुष्यभर पाने फिरवलेली ती बोटं तारेवर टेकली की तार वाकत होती. त्यांनी तीन-चारदा प्रयत्न केला. मला फार अवघडल्यासारखं झालं. काकू चहाच्या कपाकडे बघत राहिल्या. मग सरांनी गिटार माझ्याकडे दिली आणि म्हणाले, वाजव.

मी वाजवलं. सावकाश, एक जयंतीचंच गाणं, जे आम्ही नेहमी शेवटी घ्यायचो. बेंडच्या जागी मी नुसतं बोट कलतं केलं आणि सूर चढत चढत जाऊन जागेवर थांबला. आवाज पहिल्यासारखा भरदार नव्हता. तो बारीक होता, पण त्यात काहीतरी मोकळं होतं. सर डोळे मिटून ऐकत होते.

“ह्या तारा मला न्हाई पेलायच्या,” ते शेवटी म्हणाले. “जोर लावायचाच न्हाई, हे मला न्हाई जमायचं. तुला जमलंय. आता ह्याच ठेव.”

मग त्यांनी लगेच शिक्षकाचा सूर लावला. ॲम्पवरचा चिरका आवाज कमी कर, दांडीकडच्या बाजूला पिकनं तार छेड, तिथं गोलाई येती. आणि जाता जाता, दारात चप्पल घालत, जयंतीला शिरूरला येणार ना म्हणून विचारलं. मी म्हणाले, सर, मला वाटलं तुम्ही दुसरं कुणीतरी घेतलं असेल. ते म्हणाले, मी कुणाला विचारलंच न्हाई. त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी होते. आई आतून ओरडत होती की गारठ्यात उभी राहू नको, पण मला गारठा लागत नव्हता.

अजूनही मी त्याच मिश्र सेटवर वाजवते. मधे एकदा हात पूर्ण बरा झाल्यावर अकराचा सेट चढवून पाहिला होता. दुखलं नाही. पण ते आता मला माझं वाटलं नाही. जोर लावून मिळणारा आवाज आणि जोर काढून घेतल्यावर मिळणारा आवाज, दोन्ही आपलेच असू शकतात. कधी कुठला, ते हाताला विचारायचं, इतकंच मला कळलं. पूर्वी मी हाताला विचारत नसे. त्याला सांगत असे.

त्या वर्षी जयंतीला शिरूरला विहारासमोर मांडव घातला होता. ऊन कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. आण्णा आणि आई मैत्रीला घेऊन मांडवाच्या कडेला बसले होते, नितीन शिफ्ट बदलून आला होता. मी निळी साडी नेसले होते. कुणी आवाज बदललाय म्हणालं नाही. कुणी हात भारी आहे असंही म्हणालं नाही. लोक गाणं ऐकत होते. पुढच्या रांगेतली एक बाई ओठ हलवत गाण्याबरोबर म्हणत होती, माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं, आणि मला ते फार बरं वाटलं.

काही गाणी झाली आणि मांडवाच्या कडेने मैत्रीचं रडणं ऐकू आलं. भुकेचं रडणं होतं, ते मला दुधाच्या कळेने आधी कळलं. आईने तिला पाठीवर थोपटून, हिंडवून पाहिलं. पुढचं गाणं माझ्या गिटारने सुरू होणार होतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांनी मानेनेच जा म्हणून खुणावलं.

स्टेजच्या मागे विहाराची छोटी खोली होती. तिथल्या सतरंजीवर बसून मी मैत्रीला तळव्यांनी खालून उचललं आणि पदराखाली घेतलं. भिंतीपलीकडून मांडवातली कुजबुज येत होती, लोक पुढच्या गाण्याची वाट बघत होते. मी तिला घाईने म्हणत होते, चल बाळा, चल लवकर. तेवढ्यात माईक करकरला आणि सरांचा आवाज आला.

“मंडळी, जरा दम धरा. आमची गिटारवाली लेकराला पाजतीय. ती आल्याबिगर पुढचं गाणं न्हाई.”

मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. कुणी हसलं नाही. खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, कुणी पाणी फिरवायला लागलं, बायका आपापसांत बोलू लागल्या. मैत्रीचं डोकं माझ्या डाव्या तळव्यावर पूर्ण भाराने विसावलं होतं. मी तिला लवकर म्हणायचं थांबवलं, भिंतीला पाठ टेकली, आणि बाहेर अख्खा मांडव थांबलेला असताना ती डोळे मिटून, सावकाश, पोट भरेपर्यंत पीत राहिली.